क्लॅरिनेटचा लांब सूर

तात्यांनी दोन्ही कानांतली मशिनं काढून डबीत घातली आणि डबी माझ्या टेबलावर ठेवली.

"मॅडम, ही परत घ्या. नुसत्या बोलण्यासाठी कशाला कानात घालून फिरायचं?"

शेजारी त्यांच्या पत्नी मालनकाकू बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं असं बघितलं की मीच खाली मान घातली. पाच वर्षं घरात ओरडून बोलल्यावर दोन महिने त्या बाईला साध्या आवाजात बोलायला मिळालं होतं.

मी बारामतीत ऑडिओलॉजिस्ट आहे. लोकांचं ऐकणं तपासते, कानाची मशिनं बसवते. तात्या लासुर्ण्याचे. ऊस करतात आणि लग्नसराईत गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. मशीन नव्हतं तेव्हा वरचे सूर ऐकू यायचे नाहीत, बोटांच्या सवयीवर निभावायचे. मशीन घातलं तर सूर थरथरायला लागला. आपण बेसूर होतोय असं वाटून ते फुंक बदलायचे आणि मग खरंच बेसूर व्हायचे. बँडमास्तरांनी सांगून टाकलं होतं, पुढच्या लग्नात असंच झालं तर थांबा.

तक्रार पहिल्यांदा आली तेव्हाच मी मशीनमध्ये गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम टाकला होता. तपासायला काय लावलं? माझ्या मोबाइलवरचं संतूर. माझा तर त्यानं दिवसभराचा शीण जातो. तात्यांचीही मान डोलत होती. मी खूश.

आता विचारलं, त्या दिवशीचं आवडलं होतं ना?

"खरं सांगू? झोप आली."

म्हणजे ते पेंगत होते. मला राग आला, स्वतःचाच, पण काढला त्यांच्यावर. म्हटलं, बँडमध्ये तरी काय असतं ऐकण्यासारखं, नुसता गोंगाट. बोलले आणि जीभ चावली.

तात्या चिडले नाहीत. "मॅडम, आमच्या वस्तीवर बँड वाजला की समजायचं, कुणाच्या तरी घरी चांगलं झालं. त्या दिवशी कुणी रडायचं न्हाय. तुमच्या त्या वाजपानं माझ्या घरी कधी काय चांगलं झालं न्हाय."

माझे वडील नोकरीसाठी बाहेरगावी असायचे. रविवारी घरी आले की संतूरची कॅसेट लावायचे. माझ्या आवडीचंही दुसरं काय कारण होतं?

डबी त्यांच्या हातात परत दिली. म्हटलं, गुरुवारी या, येताना क्लॅरिनेट घेऊन या.

गुरुवारी मशीन कॉम्प्युटरला जोडलं आणि तात्यांना एकच सूर लांबवायला सांगितला. बाहेरचे पेशंट दारातून डोकावायला लागले. स्क्रीनवर माझी चूक स्वच्छ दिसली. कानातल्या मशीनला मधूनच शिट्टी मारायची खोड असते. ती दाबायला आत एक सोय केलेली असते. क्लॅरिनेटचा लांब सूर मशीनला शिट्टीच वाटत होता आणि ते त्याला दाबायला धावत होतं. म्हणून थरथर. संतूरचा सूर तारेवर घाव बसताच विरायला लागतो, त्यामुळं तपासताना काहीच कळलं नाही.

गाण्याच्या प्रोग्रॅममधली ती सोय मी बंद केली. शिट्टी येऊ नये म्हणून आवाज थोडा उतरवला. बोलण्याचा प्रोग्रॅम होता तसाच ठेवला. बटण दाबलं की हा, परत दाबलं की तो.

तात्यांनी पुन्हा फुंक मारली. सूर लांबवला, आणखी लांबवला. थांबले तेव्हा डोळे भरून आले होते. "सरळ आला," एवढंच म्हणाले. खरं सांगते, माझाही जीव भांड्यात पडला.

पुढचं लग्न निमगाव केतकीला होतं. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. बँडमास्तर काही बोलले नाहीत, पुढच्या तीन सुपाऱ्यांच्या तारखा तेवढ्या सांगितल्या.

मी विचारलं, तुम्हाला कसं वाटलं वाजवणं?

"मला त्यो बँड आजबी आवडत न्हाय. डोकं उठतं. पण काल वाजवून आले आन् बटण दाबून माझ्याशी तासभर बोलत बसले."

एवढी वर्षं मशिनं बसवतेय, पण पेशंटला त्याचं गाणं विचारावं हे मला तात्यांनी शिकवलं. त्यांचे उपकार विसरणार नाही. आता संतूर मी घरीच ऐकते. क्लिनिकमध्ये पेशंटनं आणलेलं वाजतं, मग ते मला सोसो वा ना सोसो.