जांभळ्या लडीची गाठ

थोरलीच्या डोळ्यांना काहीतरी झालंय आणि ती ते माझ्यापासून लपवतेय. आठवडाभर हा विचार झटकून टाकत होते, पण तो काही पाठ सोडत नव्हता.

माझी ही लेक सूत रंगवण्याच्या कारखान्यात रंग जुळवणीच्या टेबलावर असते. रंगवलेली लडी वाळली की ती मूळ नमुन्याशेजारी धरायची आणि चालेल की नाही ते सांगायचं. बारा वर्षं हेच काम. जांभळा आणि वांगी यांतला फरक मला कधी कळला नाही. ती हसायची. "अगं आई, जांभळा निळ्याकडे झुकतो, वांगी लालाकडे. एवढी शिकलीस, पण रंगांत अगदीच ढ!" ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून ती लडी घेऊन दारातल्या उजेडात जाते. रंग मिसळणारे मास्तर तर म्हणतात, "मशीन चुकेल एक वेळ, बाई नाही चुकायच्या."

दोन महिन्यांपूर्वी तिला छातीच्या दुखण्यासाठी सहा महिने घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी माझ्यादेखत बजावलं होतं, "या गोळ्यांनी क्वचित नजरेला त्रास होतो. रंग वेगळे दिसायला लागले तर वाट बघत बसू नका. रात्र असली तरी फोन करा."

आज रविवार. धुवायला म्हणून तिची पिशवी रिकामी केली, तर आत जांभळ्या आणि वांगी रंगाच्या नमुन्याच्या लड्या. एकीच्या टोकाला बारीक गाठ हाताला लागली. नमुन्याला कुणी गाठ मारत नाही. सूत आखडतं म्हणून हीच सगळ्यांवर ओरडते. मी गाठ सोडली, दोन्ही लड्या खिडकीत भर उन्हात ठेवल्या आणि तिला हाक मारली.

"यातली जांभळी कुठली गं?"

तिने नीट पाहिलंसुद्धा नाही. आधी एका लडीच्या टोकावरून बोट फिरवलं, मग दुसरीच्या. आणि थांबली.

"गाठ तू सोडलीस?"

"कधीपासून चाललंय हे?"

"दहा-बारा दिवस झाले."

त्या उन्हात मलासुद्धा फरक दिसत होता. मला!

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगून काय होणार? गोळ्या बंद करतील, छातीचं पुन्हा पहिल्यापासून. कारखान्यात कळलं तर मला पॅकिंगला बसवतील. चारच महिने राहिलेत, आई. काढते मी कसेतरी. तू तोंड उघडलंस ना, तर तुझ्याशी बोलणार नाही."

"आणि डोळे गेले तर?"

"काही जात नाहीत. तुला ना, राईचा पर्वत करायची सवयच आहे."

रात्री जेवताना ती माझ्याकडे न बघता बोलत होती. पाण्याचा पेला घेताना तिचा हात आधी बाजूला गेला, मग पेल्यावर आला. कदाचित दमली असेल. कदाचित नसेलही.

आता ती झोपलीय. सकाळी उठल्या उठल्या ती पुढची गोळी घेईल, आणि मी समोर बसून बघत राहीन? नाही. रागावू दे. महिनाभर अबोला धरू दे. डॉक्टरांचा नंबर तिच्या फाइलवर आहे. बारा वाजून गेलेत, तरी मी फोन लावतेय.