शनिवारचं तेल

रत्नागिरीत विकत न घेतल्या गेलेल्या वस्तूंची कुणी यादी केली असती, तर तिच्यातल्या निम्म्या वस्तू आमच्या आतोबांनी न घेतलेल्या निघाल्या असत्या. वस्तू विकत घेणं कुणालाही जमतं. पण एखादी वस्तू न घेणं, तेही पाच-सहा वर्षं, अधूनमधून जाऊन ती बघून, मालकाच्या घरचा चहा पिऊन, त्याच्या मुलांच्या मुंजी-लग्नांना हजेरी लावून न घेणं, ही विद्या मी आतोबांखेरीज कुणाकडे पाहिली नाही. दाभोळला एकाकडे भिंतीवरचं जुनं घड्याळ विकायचं आहे असं कळल्यावर ते तिथे गेले, आठ दिवस राहिले आणि हात हलवत परत आले. कारण काय, तर "साडेअकराचा ठोका देताना ते जरा कां-कूं करतं." त्या घराशी मात्र असा घरोबा झाला, की पुढे दर मे महिन्यात तिथून आंब्याची पेटी यायची. खुद्द आत्याची कथाही वेगळी नव्हती. "मला बघायला तीनदा आले," ती सांगायची, "चौथ्या खेपेला माझ्या वडलांनी निरोप धाडलानी, की आता याल ते मुंडावळ्या बांधूनच या." आतोबा हे ऐकून मान डोलवायचे आणि निर्णय चुकला नाही म्हणायचे.

आतोबांचा टायपिंगचा क्लास होता. घराच्या पुढच्या पडवीत सात मशीनं होती आणि सातही जुनी. नवी वस्तू घेणं म्हणजे अनोळखी माणसाला घरात झोपायला जागा देणं, असं त्यांचं म्हणणं. जुन्या वस्तूच्या खोड्या निदान बाहेर पडलेल्या असतात. जुनं मशीन बघायला गेले, की पहिला प्रश्न, "कुणाच्या हाताखाली होतं?" मग ते उलटं करून हलवायचे आणि आतून काय पडतं ते बघायचे. टाचणी पडली तर मशीन कष्टाळू, बिस्किटाचा चुरा पडला तर आळशी. शेवटी डोळे मिटून वास घ्यायचे, कारण आमच्याकडच्या दमट हवेत गंज डोळ्यांच्या आधी नाकाला कळतो. मशीनं ज्या कचेऱ्यांतून आली, त्यांचीच नावं त्यांना पडली होती. एक 'कोर्ट', एक 'बंदर', एक 'शेतकी'. 'कोर्टा'वर काम संथ चालतं, कारण ते मशीन तारखा देण्यात वाढलंय, असं ते नव्या विद्यार्थिनीला गंभीर चेहऱ्याने सांगायचे, आणि ती बिचारी खरं मानायची. शनिवारी संध्याकाळी क्लासला सुट्टी. आतोबा आंघोळ करून मारुतीला तेल वाहून यायचे आणि आल्या पावली बारीक नळीची डबी घेऊन सातही मशीनना तेल द्यायचे. या क्रमात कधी बदल झाल्याचं मला आठवत नाही. मी कॉलेजात गणित शिकवायला लागल्यावर चार वर्षं त्यांच्या माडीवर राहत होतो, तेव्हा शनिवार हा मला तेलाच्या वासावरूनच कळायचा.

ऐंशीच्या दशकातली पाच-सहा वर्षं उलटली असतील, तेव्हा गावात बोलवा उठली, की स्टँडजवळ कोणीतरी कॉम्प्युटरचा क्लास काढणार. तो निघायला पुढे दोन वर्षं लागली, पण आतोबांच्या पडवीतल्या खुर्च्या तेवढ्या बोलवेनेच रिकाम्या व्हायला लागल्या. जूनमध्ये ज्या पोरी नाव घालायला यायच्या, त्या विचारायला लागल्या, "सर, हे शिकून पुढे चालेल ना?" आतोबा क्लासच्या उत्पन्नाविषयी कधी फार बोलले नाहीत, पण या प्रश्नाने त्यांची झोप उडाली. एक दिवस जेवताना घास हातात धरून मला म्हणाले, "अरे, ह्या पोरी माझ्याकडे खेड्यांतून एस्टीने येतात. आया घरची कामं अंगावर घेऊन ह्यांना पाठवतात. उद्या नोकरीच्या दारात कुणी म्हणालं, की हे शिकलेलं जुनं झालं, तर मी त्यांची वर्षं वाया घालवली असं नाही का होत?" असं सरळ बोलणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. आत्याने त्या दिवशी चेष्टा केली नाही.

अशात इस्माईलभाई आले. हे आमच्या पलीकडच्या आळीतले, जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते, आणि आतोबांनी गेली तीन वर्षं त्यांच्याकडची दुर्बीण न घेण्याचं काम चालवलं होतं. त्यांनी कुठल्याशा परदेशी बंदरातून मुलासाठी एक छोटा कॉम्प्युटर आणला होता. पाटीएवढा काळा डबा, त्यावर रबराच्या कळा. तो टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवरून त्यात कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, भरायचे. "मास्तर, पोरगा गेला मस्कतला," इस्माईलभाई म्हणाले, "आता हा घरात नुसता धूळ खातो. तुम्ही घ्या. स्वस्तात देतो. आठ दिवस ठेवा, बघा, मग सांगा." आठ दिवसांत सांगा, असं आतोबांना आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. ते जरा पांढरे पडले, पण डबा ठेवून घेतला.

आता या डब्याची परीक्षा सुरू झाली. कुणाच्या हाताखाली होता, तर मस्कतला गेलेल्या मुलाच्या. उलटा करून हलवला, तर काहीच पडलं नाही, याने आतोबा बेचैन झाले. "आत काही नसेल तर पडणार काय?" वास घेतला, तर कसलाच नाही. मग मी टीव्ही जोडला, टेप लावली. आतला कार्यक्रम भरताना ती टेप पाच मिनिटं अशी काही किंचाळली, की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. "दमा आहे ह्याला," आतोबा म्हणाले. गणिताचा माणूस म्हणून मी मोठ्या ऐटीत एकपासून शंभरपर्यंतची बेरीज त्याच्याकडून करून दाखवली. आतोबा म्हणाले, "पाच हजार पन्नास. ती मलाही येते, आणि मला टीव्ही लागत नाही." मग त्यांनी विचारलं, कागद कुठे घालायचा. कागद घालायचाच नसतो म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू पानात भातच वाढायचा नसतो, असं मी सांगितलं असावं.

पण तिसऱ्या दिवशी एक गोष्ट घडली. कळांवरच्या अक्षरांची जागा मशीनवरचीच आहे हे बघून आतोबा सहज टायपायला बसले. नोकरीच्या इंग्रजी अर्जाची पहिली ओळ, जी ते प्रत्येक पोरीकडून शेकडो वेळा करून घ्यायचे. मध्ये एक अक्षर चुकलं. त्यांचा हात सवयीने खोडरबराकडे गेला. मी त्यांना पुसायची कळ दाखवली. त्यांनी ती दाबली आणि चूक नाहीशी झाली. डाग नाही, कागद खरवडलेला नाही, कार्बनवर खूण नाही. त्यांनी मुद्दाम पुन्हा चूक केली, पुन्हा पुसली. असं दहा-बारा वेळा झालं. मग हात मांडीवर ठेवून नुसते पडद्याकडे बघत बसले. "एका अक्षरापायी अख्खं पान फिरून करताना पोरी रडतात रे माझ्यासमोर," ते म्हणाले, "इथे रडायचं कारणच नाही." त्या क्षणापासून त्यांना ते मशीन हवं होतं. ते त्यांनी कबूल मात्र केलं नाही, स्वतःपाशीसुद्धा.

सातवा दिवस उजाडला तरी हो नाही, की नाही नाही. शेवटी त्यांनी ठरवलं, की गावी जाऊन ग्रामदेवाला कौल लावायचा. आमच्याकडे विहीर खणायची, मुलगी द्यायची, मुंबईची नोकरी सोडायची, तर देवाला विचारतात. गुरव देवाच्या मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघे गेलो. गुरव जुना माणूस, गाऱ्हाणं घालण्याआधी त्याला नीट समजून घ्यायचं होतं. "ह्या काय आसता मास्तर? जनावर का मशीन?" "मशीन," आतोबा म्हणाले. "त्याला खायला काय लागता?" "वीज." गुरवाने जरा विचार केला आणि देवापुढे उभा राहून खड्या आवाजात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! ह्यो तुझा लेकरू रत्नांग्रीत मशिनी चालवून पोट भरताय, त्येच्या मनात आता वीज खाणारी मशीन घेवची हाय, ती त्येच्या घरात सुखान नांदंल तर उजवा दी, म्हाराजा!" आम्ही दोघेच असल्यामुळे "व्हय म्हाराजा" मलाच म्हणावं लागलं. कॉलेजातल्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी तिथे नव्हतं, हे देवाचे उपकार. थोड्या वेळाने कळी पडली. डावी.

परतीला हातखंब्याला गाडी बदलायची होती. तिथे आतोबांनी चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला. मग म्हणाले, "इतक्या वर्षांत डावा कौल मिळाला, की मला सुटल्यासारखं व्हायचं. आज वाईट वाटलं. म्हणजे मला ते हवं होतं तर." बशीतला चहा गार झाला होता. मी म्हटलं, घ्या मग, देव रागावणार नाही. त्यांनी मान हलवली. विचारायचं आणि ऐकायचं नाही, हे त्यांच्यात बसत नव्हतं. उद्या डबा परत करू म्हणाले.

सोमवारी सकाळी, परत करण्याआधी एकदा, म्हणून त्यांनी मला तो लावायला सांगितला. मी लावला. पडद्यावर नुसती मुंग्यांची रांग. वायर बदलली, टीव्हीला थापट्या मारल्या, काही नाही. मग माझं बोट एका कळेवरून घसरलं. दुसरीवरूनही घसरलं. मी वास घेतला, आणि या खेपेला वास आला. मी आतोबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "शनिवार होता." मारुतीला तेल वाहून आल्यावर त्यांनी सात मशीनना तेल दिलं होतं, आणि आठवं पाहुणं म्हणून आलेलं, त्याला उपाशी कसं ठेवायचं, म्हणून प्रत्येक कळेच्या बुडाशी दोन-दोन थेंब मोजून सोडले होते. मी डबा उघडला तर आत सगळं तुळतुळीत. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नेला, तर तो म्हणाला, यात माझ्या ओळखीचं काहीच नाही. आत्या दारात उभी होती. "देवानं डावा दिलान तो उगाच नाही," ती म्हणाली, "शनिवारी काय झालंय ते त्याला ठाऊक होतं. आपल्यालाच नव्हतं."

आतोबांनी सदरा चढवला आणि त्याच पावली इस्माईलभाईंकडे गेले. मी बरोबर होतो. सगळं सांगून ते म्हणाले, "मशीन माझं झालं." इस्माईलभाई हसून म्हणाले, "मास्तर, बंद पडलेला माल मी विकत नाय." आतोबा म्हणाले, "देवाला मी विचारलं होतं, विकत घेऊ का. तो नको म्हणाला. म्हणून विकत मी घेतच नाहीये, मी भरपाई करतोय." तासभर हे चाललं. दोघेही आपापल्या जागी खरे असल्यामुळे भांडण मिटेना. शेवटी इस्माईलभाईंनी आतून आपल्या मुलीला, शमीमला, बोलावलं. "हिला शिकवा," ते म्हणाले, "झाली भरपाई."

शमीम दुसऱ्या दिवसापासून आली. मशीनवरचा धडा झाला, की आतोबा तिला रोज त्या मेलेल्या डब्यावर बसवायचे. पडदा नाही, कागद नाही, आवाज नाही, नुसत्या रबराच्या कळा. "उद्या बोटं ह्याच्यावरच पडायची आहेत, आत्तापासून ओळख असू दे," ते म्हणायचे. अडचण एकच. टायपिंगच्या मशीनवर ओळ संपत आली, की घंटी वाजते, मग डाव्या हाताने दांडा सारून नवी ओळ धरायची, आणि त्या घंटीवरच सगळी लय असते. डब्याला घंटी नव्हती. म्हणून आतोबा शमीमच्या मागे खुर्ची टाकून बसायचे, तिच्या बोटांकडे बघत अक्षरं मोजायचे आणि ओळ संपायच्या बेतात आली, की तोंडानेच म्हणायचे, "टिंग." एवढ्या वयाचा माणूस गंभीरपणे टिंग टिंग करतोय हे बघून इतर पोरी पदरात तोंड लपवायच्या. शमीम हसायची नाही.

आतोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्यांची आठवण आली, की मला ती पडवी किंवा तेलाची डबी दिसत नाही, एक दुपार दिसते. स्टँडजवळचा तो क्लास अखेरीस निघाला, आणि न बघता कळांवर बोटं चालतात म्हणून क्लासवाल्यांनी तिथे शिकवायला शमीमला ठेवून घेतलं. आतोबांच्या पडवीत तेव्हा एकही मुलगी उरली नव्हती. आपण शिकवलेली मुलगीच आपल्या मुली घेऊन गेली, यात वाईट वाटावं की अभिमान, हे त्यांनी तोवर ठरवलं नव्हतं. शमीमने त्यांना मुद्दाम बोलावलं. धुतलेलं धोतर नेसून, चपला बाहेर काढून ते आत गेले, तेव्हा सगळ्या मुली उभ्या राहिल्या. शमीमने त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं. त्यांनी डबा उलटा केला नाही की वास घेतला नाही. दोन्ही हात कळांवर ठेवले आणि तीच अर्जाची ओळ टायपायला लागले. एक अक्षर चुकलं, ते त्यांनी स्वतःच पुसलं आणि माझ्याकडे बघून हसले. मग पडद्याची कड जवळ आली तशी त्यांची बोटं मंदावली, आणि थांबली. मान थोडी कलती करून ते ऐकत राहिले. पुढे काय करायचं ते त्यांना कळेना. आणि खुर्चीच्या मागे उभी असलेली शमीम खाली वाकून, फक्त त्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाली, "टिंग." आतोबांचा डावा हात सवयीने वर उठला, तिथे नसलेला दांडा त्यांनी हवेत सारला, डोळे पुसले आणि दुसऱ्या ओळीला सुरुवात केली.