कुंदा मॅडमनी पंप कमी केले नाहीत

कुंदा मॅडमना ‘गोदाकन्या’ म्हणणाऱ्यांनी आपापल्या पोस्ट डिलीट कराव्यात.

हात जोडलेले इमोजीसुद्धा.

काल दुपारी मॅडम गेल्या. हार्ट अटॅक. संध्याकाळपर्यंत माझी फीड त्यांच्या फोटोंनी भरून गेली. सगळ्यात लांबलचक पोस्ट पाटबंधारे खात्यातल्या ज्या साहेबांची आहे, त्यांनीच मॅडमना प्रोजेक्टमधून काढलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

मॅडम हायड्रॉलॉजिस्ट होत्या. गंगापूर रोडवरच्या एका छोट्या कन्सल्टन्सीत मी त्यांचा ज्युनिअर. गोदावरीचं खोरं कॉम्प्युटरवर उभं करायचं, हे आमचं काम. पाऊस किती पडतो, धरणं किती अडवतात, शेतं किती उचलतात, जमिनीत किती मुरतं. आणि नाशिकहून सोडलेल्या पाण्यातलं मराठवाड्यात पोहोचतं किती.

हा शेवटचा प्रश्न कोणालाच आवडत नाही.

मॅडम मूळच्या मनमाडच्या. वडील रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर. नळाला पाणी कधी येईल याची आठवडेच्या आठवडे वाट बघणाऱ्या गावात लहानाच्या मोठ्या झालेल्या. आमच्या गल्लीत कोणी पाइप लावून गाडी धुताना दिसलं की त्या थांबून नुसत्या बघत राहायच्या. तो माणूस आपोआप नळ बंद करायचा.

कॉम्प्युटरवरच्या या मॉडेलने सांगितलं ते साधं होतं.

पाणी उन्हाळ्यात सोडलं तर कोरडं पात्रच ते पिऊन टाकतं, आणि उरलेलं काठावरचे पंप ओढतात. पावसाळा सरता सरता, पात्र ओलं असताना सोडलं, तर बरंचसं खाली जातं.

म्हणजे नाशिकने लवकर सोडायचं. परतीचा पाऊस येतोय की नाही हे कळायच्या आत.

आणि खालच्यांनी हे ऐकायचं, की ऊस असाच वाढवत नेलात तर वरून कितीही सोडा, पुरणार नाही.

झालं. दोन्हीकडचे पुढारी एकाच मीटिंगमध्ये दुखावले. एरवी एका टेबलावर चहा न घेणारी ही मंडळी, पण मॅडमविरुद्ध त्यांचं पटकन एकमत झालं.

मीटिंगनंतर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मी लॅपटॉप घेऊन मागे उभा. साहेब फार गोड बोलले. मॉडेल उत्तमच आहे, फक्त काठावरच्या पंपांचा उपसा जरा कमी धरा, म्हणजे कधी सोडायचं हा वादच राहत नाही. शेवटी मॉडेल म्हणजे अंदाजच की हो.

मॅडम म्हणाल्या, "अंदाजच आहे. म्हणून तर मोजून केलाय. तुमचा अंदाज हवा असेल तर खाली तुमचं नाव घाला."

काम दुसऱ्या कन्सल्टंटकडे गेलं. त्याने पंप कमी केले. कॉम्प्युटरवर केले, नदीवर नाही.

रिपोर्ट मात्र देखणा निघाला. कव्हरवर रामकुंडाचा सूर्योदय वगैरे.

पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला. पाणी सोडायचं की नाही यावर भांडणं चालू राहिली आणि सोडलं ते भर एप्रिलमध्ये, पोलीस बंदोबस्तात. मॅडम आणि मी गाडी घेऊन पाण्याच्या मागोमाग निघालो.

वैजापूरच्या बाजूला एका पुलाच्या अलीकडेच पाणी थांबलं. पुढे सरकेना. वाळू पीत होती. काठावर पंपांच्या मोटारी घरघरत होत्या. पुलावर खालच्या गावच्या बायका कळश्या घेऊन उभ्या.

मी म्हणालो, मॅडम, तुमचंच बरोबर निघालं.

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुलावरच्या बायकांकडे चालू लागल्या.

त्या बायकांमध्ये गावच्या सरपंच होत्या, लताताई. मॅडमनी त्यांना विचारलं, तुमची माणसं घेऊन निफाडला याल का?

त्या आल्या. निफाडकडच्या एका समाजमंदिरात वरचे आणि खालचे समोरासमोर बसले. मॅडमनी भिंतीवर मॉडेल चालवून दाखवलं. आधी व्हायचं ते भांडण झालंच. मग रामनाथभाऊ नावाचे एक द्राक्षवाले उठले.

"आमी लवकर सोडलं आन् मागून पाऊसच नाय आला तर?"

मॅडम म्हणाल्या, "तर तुमचं नुकसान होईल. ते मी लपवणार नाही. त्या वर्षी कोणी काय सोसायचं हे मॉडेल सांगत नाही. ते तुम्ही ठरवायचं."



मग लताताई म्हणाल्या, "तसं झालं तर त्या साली आमचं गाव उन्हाळी पीक घेणार नाही. पिण्यापुरतंच मागू."

रामनाथभाऊ खाली बसले. म्हणाले, मग बोलता येईल.

एवढंच. पण इतक्या वर्षांत एसी हॉलमध्ये सामोसे खाणाऱ्यांना हे एक वाक्य सुचलं नव्हतं. साहेबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, ही बैठक अनधिकृत आहे.

बरोबर आहे साहेब. अधिकृत बैठकीत कोणी काही सोडायला तयार होत नसतं. ना पाणी, ना खुर्ची.

त्यानंतर मॅडम दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गावात असायच्या. वरच्या गावात शिव्या, खालच्या गावात शिव्या. परत येताना गाडीत झोपायच्या. कोणाबद्दल वाईट बोलायच्या नाहीत. मला ते जमत नाही, म्हणून मी इथे बोलतोय.

आज सकाळी अंत्यविधी झाला. त्रिशरण-पंचशील झालं. साहेब आले नाहीत, ड्रायव्हरबरोबर मोठा हार पाठवला.

लताताई पहाटेच जीप करून निघाल्या होत्या. रामनाथभाऊही आले. दोघं शेजारी उभे होते. निघताना लताताईंनी मला विचारलं, "मॅडमचं ते भिंतीवरचं मॉडेल चालवायला तुम्हाला येतं ना?"

मी म्हणालो, येतं.

"मग पाऊस सरायच्या आत या. आमच्याकडं बसू. भाऊ त्यांची माणसं आणतेत."

रामनाथभाऊंनी मान हलवली.

जाणार आहे मी.

जय भीम, मॅडम. शांत झोपा.