ताप, एक दिवस

बी.एस्सी. झाल्यावर नगरच्या एका धर्मादाय दवाखान्यात मला शिकाऊ म्हणून घेतलं. दोन वर्षं शिकायचं आणि डॉक्टरांचा सहायक व्हायचं. रोगी तपासून केसपेपर आम्ही लिहायचा, औषध डॉक्टरीणबाई ठरवायच्या. दुष्काळाचं साल होतं, व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसे. मी पाथर्डीचा. खेड्यातल्या माणसांचं बोलणं आपल्याला बरोबर कळतं, याची मला भारी घमेंड. बरोबरच्या शहरी पोरांना मी ते शिकवतही असे.

एका गुरुवारी घोडेगावचा एक म्हातारा तापाने फणफणलेल्या सुनेला घेऊन आला.

"ताप कधीपासून, बाबा?"

"बाजारापासून हाय बगा."

आमच्या पाथर्डीला बाजार बुधवारचा, म्हणजे कालचा. मी झोकात लिहिलं : ताप, एक दिवस. पोट दाबल्यासारखं केलं आणि पुढच्याला हाक मारली. गर्दीत बाईंनी माझ्या कागदावर भरवसा ठेवला, तापाच्या गोळ्या दिल्या आणि तिला घरी पाठवलं.

सोमवारी तिला एका मालट्रकमधून आणलं. ती बरळत होती, सासऱ्याला ओळखत नव्हती. बाईंनी म्हाताऱ्याला पुन्हा विचारलं.

"सांगितलं हुतं की! आमचा बाजार सुक्रवारचा. तवापासून."

म्हणजे आली तेव्हाच सहा दिवसांचा ताप. टायफॉइड. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "हिच्याजवळ तुम्ही बसा," एवढंच म्हणाल्या.

मी बसलो. कपाळावर घड्या ठेवल्या, कॅप्सूल दिल्या, दर चार तासांनी ताप लिहिला. ही गेली तर मी मारली, हे डोक्यातून जात नव्हतं. सहाव्या दिवशी ताप उतरला आणि तिने भाकरी मागितली. आम्ही पेज दिली.

घरी जाताना म्हाताऱ्याने मला हात जोडले. मला ते सहन होईना. म्हटलं, "बाबा, चूक माझी होती. मी एकच दिवस लिहिला होता." त्याने जोडलेले हात खाली घेतले. मग गाठोडं उचलून सुनेला घेऊन गेला. आता हा या दवाखान्याची पायरी चढायचा नाही, असं मी धरून चाललो.

दोन महिन्यांनी तो स्वतःच खोकत आला. दुसरे दोघे शिकाऊ मोकळे असताना थेट माझ्या टेबलाशी. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "खोकला. घोडेगावचा बाजार, सुक्रवारचा. मागला न्हाई, त्याच्या आदला. लिवा."

मी लिहिलं.

"आता वाचून दावा."

मी वाचून दाखवलं.