बाच्या पायातली सुरगाठ

माझा बा ट्रकवर ताडपत्री बांधायचा. वणीकडच्या कोळशाच्या गाड्यांवर त्याची सारी उमर गेली. त्यानं बांधलेला दोर चंद्रपूरपर्यंत ढिला पडत नाही आणि तिथं एका झटक्यात सुटतो, असं ड्रायव्हर लोक म्हणत, आणि बाला त्याचा भारी तोरा. आमचे जुने लोक बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. सकाळी लादायचं, मुक्कामी उतरवायचं. गाठ सुटली नाही तर अख्खा तांडा उपाशी, हे तो इतक्यांदा सांगायचा की मला कंटाळा यायचा. म्हणून आमच्या घरात सगळीकडे सुरगाठ, टोक ओढलं की मोकळी होणारी. मी शेळीला निरगाठ मारली की तो भडकायचा.

"काहून आवळून राह्यली एवढी? सोडनाऱ्याच्या नखाइचा इचार कर ना जरा."

आणखी एक गोष्ट तो बजावायचा. सुती दोराची गाठ भिजू द्यायची नाही. भिजली की ती अशी आवळते की बांधणाऱ्यालाही सुटत नाही.

तीन वर्षांपूर्वी बा विसरायला लागला. आधी जेवलेलं, मग आई वारल्याचं, मग मला. आता तो मला याडी म्हणतो. आमच्या बोलीत याडी म्हणजे आई. घरात आम्ही दोघंच. पांढरकवड्याचा हायवे तांड्यापासून हाकेवर आहे, आणि बा सकाळी उठला की तिकडे जायचा, ट्रकच्या आडवा उभा राहायचा, गाडी थांबली की मागं जाऊन दोर ओढून बघायचा. एकदा एका ड्रायव्हरनं ब्रेक मारला तेव्हा बा आणि गाडीत हातभर अंतर उरलं होतं. तोच त्याला घरी घेऊन आला. "बुढा मरंन एक दिवस," तो म्हणाला. "बांधून ठेव त्याले."

मला काय हौस होती? पण कापूस वेचणीला गेल्याशिवाय चूल पेटत नव्हती. मी बाचा पाय बाजेच्या खुराला बांधला. सवयीनं सुरगाठ मारली. मी अंगण ओलांडायच्या आत तो माझ्या मागं उभा. मग त्याचीच ताडपत्रीची गाठ मारली, ती त्यानं न बघता सोडली. मग बाजेखाली, हात पोचणार नाही अशा जागी. तीही सुटली. शेवटी नायलॉनच्या दोराची निरगाठ. दुपारी आले तर दातांनी सोडून बसलेला, हिरड्यातून रक्त.

"कोन्या गधड्यानं बांधली होती ही?" त्यानं विचारलं. चेहऱ्यावर जुना तोरा. माझा जीव जळत होता आणि खरं सांगते, मला आनंदही झाला. सगळं गेलं तरी हात शाबूत होते.

पण त्या आठवड्यात तो पुन्हा दोनदा हायवेवर सापडला. मग मी ते केलं. सुती दोराची निरगाठ मारली आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. बा बघत होता.

संध्याकाळी आले तर तो जागेवरच होता. धोतर ओलं, नखं फाटलेली, घोटा सुजून दोर मांसात रुतलेला. मी गाठ सोडायला बसले. नखांनी, दातांनी, सुईनं, काही केल्या हलेना. शेवटी विळ्यानं कापली. बा तेवढा वेळ माझ्या हातांकडे बघत होता, आणि मला वाटलं आता तो चिडेल, शिव्या देईल. नाही चिडला. मीच रडले. स्वतःच्या कानाखाली मारून घ्यावंसं वाटलं.

त्यानंतर मी फक्त सुरगाठ मारली, घोट्यावर फडकं गुंडाळून, ढिली. दोराचं टोक त्याच्या मुठीत द्यायची. म्हणायची, "बा, ओढ." तो टोक धरायचा. ओढायचा नाही. संध्याकाळी टोक मुठीत तसंच, घामानं ओलं झालेलं. शेजारीण म्हणाली, बरं झालं वं, आता तुले घोर नाही. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. हायवेवर सापडलेला बा मला परत हवा होता, पण तो त्या तांब्याभर पाण्यात गेला.

सकाळी मी दोर हातात घेतला की तो आता आपण होऊन पाय पुढं करतो.

परवा मी गाठ मारलीच नाही. दोर नुसता पायावर ठेवला आणि वावरात गेले. दिवसभर जीव हायवेकडे लागला होता. सापडला तर सापडू दे, असंही मनात आलं. दिवस कलल्यावर परतले. बा बाजेवर, पाय जुळवून बसलेला. दोर सकाळी ठेवला तसाच पायावर.

"याडी," तो म्हणाला, "सोड ना वं आता."

सोडायला काही नव्हतं. मी खाली बसले आणि बराच वेळ गाठ सोडत राहिले.