मधला माणूस नको

आमच्या व्याह्यांइतका मधल्या माणसाचा तिटकारा असलेला माणूस अख्ख्या कोलकात्यात दुसरा सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. हॉटेलात ते वेटरला काही सांगतच नाहीत. उठून थेट भटारखान्यात शिरतात आणि डाळीत साखर घालू नकोस असं मोडक्यातोडक्या बंगालीत आचाऱ्याला बजावून येतात. दवाखान्यात कंपाउंडरने काय होतंय म्हणून विचारलं, तर म्हणतात, "डॉक्टरांनाच सांगेन. तुमच्यामार्फत आत पोचेपर्यंत माझ्या खोकल्याची कावीळ होईल." सत्यनारायणाची पोथी स्वतः वाचतात, गुरुजींना फक्त प्रसादाला बोलावतात. आमच्या मुलांचं लग्न जुळवणाऱ्या बाईंनाही त्यांनी असंच बाजूला सारलं. बराकपूरहून एकटेच आमच्या बेहालाच्या घरी आले आणि पाण्याच्या भांड्याला हात लावायच्या आधी माझ्या बायकोला विचारते झाले, "मुलगा घोरतो का?" ती बावरून म्हणाली, "घोरतो थोडासा." "वा! घर खरं बोलणारं आहे," म्हणाले आणि लग्न ठरलं. त्या थोड्याशाबद्दल सून अजून माझ्या बायकोला टोमणे मारते.

व्याह्यांची हयात एका बँकेच्या संगणक विभागात गेली. डेटाबेस म्हणजे माहितीचं कोठार, आणि त्याला प्रश्न, म्हणजे क्वेरी, विचारायची एक भाषा असते, एसक्यूएल नावाची. ती व्याही इतक्या लाडाने लिहितात, की तेवढ्या लाडाने मी त्यांना कुणाशी बोलताना पाहिलेलं नाही. एस्प्लनेडच्या आमच्या मराठी वाचनालयाचा मी चिटणीस. संगणकातलं मला ओ की ठो कळत नाही, आणि हे कमिटीत सर्वांना ठाऊक आहे. पुस्तकांची देवघेव संगणकावर आणायचं ठरलं, तेव्हा ते काम साहजिकच व्याह्यांकडे आणि त्यांच्या लेकीकडे, म्हणजे माझ्या सुनेकडे गेलं. ती सॉल्ट लेकच्या एका कंपनीत हेच काम करते. ती म्हणाली, आपण ओआरएम वापरू. हे एक तयार टूल असतं. ते प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्या मध्ये उभं राहतं, आपण साधेपणाने मागितलेलं स्वतःच एसक्यूएलमध्ये रचून डेटाबेसला विचारतं आणि उत्तर आणून देतं. थोडक्यात, मधला माणूस!

एका रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर तिने ते टूल लॅपटॉपवर चालवून दाखवलं. व्याह्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि टूलने याद्यांना दिलेली नावं वाचली.

"हे काय? पुस्तकस? सभासदस?"

"टूल आपोआप अनेकवचन करतं, बाबा. शेवटी एस लावतं."

"स, ला, ते! अहो व्याही, हे अनेकवचन नाही, ही द्वितीया विभक्ती आहे! पुस्तकास, सभासदास! उद्या वाचनालयास टाळं लावेल हे!"

"बाबा, ती एक सेटिंग आहे. बदलता येते."

"म्हणजे मराठी आता सेटिंग झाली?"

मी हसू दाबायला चहाचा कप तोंडाला लावला. पण व्याह्यांचा दुसरा मुद्दा विनोदी नव्हता. कोणाकडे कोणतं पुस्तक आहे याची यादी मागितली, तर ते टूल सभासदागणिक डेटाबेसकडे वेगळी खेप घालत होतं. "पंगतीत प्रत्येक पानाची लुची-पुरी आणायला वेगळा स्वयंपाकघरात जाणारा वाढपी आहे हा," व्याही म्हणाले. "माझी क्वेरी बघ. एका खेपेत सगळी परात बाहेर!"

"तुमची क्वेरी दीड पान लांब आहे, बाबा. तुमच्याशिवाय कुणाला कळते ती?"

"मला कळते ना!"

"आणि तुमच्यानंतर?"

हे ती बोलून गेली आणि स्वतःच चपापली. व्याह्यांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला, आणि आज गाडीला गर्दी असेल म्हणत लवकर निघाले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्यानंतर मला त्यांचा फोन आला. "व्याही, तिचंच टूल घ्या. मी ते नीट वाचून काढलं. माझ्यानंतर जो कोणी येईल त्याला माझी दीड पानं वाचता येणार नाहीत, तिचं वाचता येईल. तिला सांगा, तुझं बरोबर होतं. आणि सांगा, की बाप एवढी वर्षं बँकेत होता, पण पुढच्या माणसाचा विचार त्याला कधी सुचला नाही, तो तुला सुचला."

"अहो, मग तुम्हीच सांगा ना!"

"आमच्याकडे हे असलं सगळं तिची आई सांगायची," म्हणाले, आणि फोन ठेवला.

विहीणबाई जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. जन्मभर कुणालाही मध्ये येऊ न देणारा हा माणूस लेकीशी मात्र बायकोमार्फत बोलत आला होता, आणि आता ते काम त्याने माझ्यावर सोपवलं होतं. मी ते कसं केलं? कमिटीत मी घसा खाकरून म्हणालो, "व्याही तयार झाले. जरा समजवावं लागलं." टाळ्या पडल्या. ज्याला संगणकातलं काही कळत नाही, त्या चिटणिसाने बँकेच्या पंडिताला नमवलं! त्या टाळ्या मला इतक्या गोड लागल्या, की घरी सुनेलाही मी तेच ऐकवलं. "हट्टी आहेत बाबा," एवढंच ती म्हणाली. बाकीचा निरोप माझ्या पोटातच राहिला. आज सांगेन, उद्या सांगेन, करता करता तो सांगणं अवघड होत गेलं. दोघं भेटत, तब्येतीचं बोलत, वाचनालयाचा विषय टाळत. मधल्या माणसाबद्दल व्याही जे जन्मभर सांगत आले, ते मी एकट्याने खरं करून दाखवलं होतं.

इथवर लिहिलं ते सुनेसाठी. तिचं शिक्षण इथलं, मराठी वाचायला तिला वेळ लागतो, म्हणून काल संध्याकाळी मीच तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ती रागावेल अशी माझी खात्री होती, तशी ती रागावलीही. "अप्पा, असं कुणी करतं का हो?" एवढं बोलून ती फोन घेऊन गॅलरीत गेली. मग तिचा आवाज आला, जरा जड, पण भांडायच्या तयारीचा. "बाबा, ती सभासदांची यादी अजून फार हळू येते हो. टूलमध्ये हाताने क्वेरी लिहायला जागा असते. तेवढी एक तुम्ही लिहाल का? पण खाली समजावून लिहायचं हं, मला कळेल असं."

पलीकडून व्याही काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. ती बराच वेळ नुसती ऐकत उभी होती, अधूनमधून हं म्हणत. आत आल्यावर विचारावं असं फार वाटलं. पण ते त्या दोघांचं होतं. मी विचारलं नाही.