काकांचं घट्ट मिश्रण

थंडीशी वैयक्तिक वैर धरलेला माणूस साऱ्या मिशिगनमध्ये एकच आहे, आणि आमचं भाग्य थोर म्हणून तो ट्रॉयमध्ये आमच्याच समोर राहतो. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. तीस वर्षं त्यांनी एका मोटार कंपनीत रेडिएटर तयार केले, त्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूकडे ते 'ही गोठेल का?' एवढ्याच जिज्ञासेने बघतात. घराबाहेर तीन थर्मामीटर टांगलेले; तिघांचं एकमत झाल्याशिवाय काका कानटोपी निवडत नाहीत. फोनवरच्या हवामानावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "ते तिकडे क्युपर्टिनोच्या उन्हात चड्डीवर बसून लिहितात रे. त्यांना काय कळतंय?" आमच्या वास्तुशांतीला लोकांनी समया आणल्या, गणपती आणले; काकांनी पाणी गोठू नये म्हणून घालतात त्या अँटिफ्रीझचा कॅन आणला, वर हळदकुंकू लावून.

आमच्या दोघांच्याही घरांत आगीसाठी स्प्रिंकलर आहेत. आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारायचं, एवढंच त्यांचं काम. पण काही पाइप गॅरेजच्या वरून, ऐन गारठ्यातून जातात हे कळल्यावर काकांची झोप उडाली. "रेडिएटर गोठत नाही, मग घर का गोठेल?" त्यांनी अँटिफ्रीझ म्हणून ग्लिसरीन मागवलं, बादलीत ओतलं आणि काकूंच्या आमटीच्या डावाने ढवळलं. प्रमाण विचारलं तर म्हणाले, "पाणी नावाला. कंजूषपणा करायचा नाही." स्वतःचे पाइप भरून झाल्यावर उदार मनाने माझेही भरले. मी सॉफ्टवेअरवाला; पाइपांविषयी माझं ज्ञान नळ उघडण्यापाशी संपतं. मी वर चहा पाजून त्यांचे आभारही मानले. मग त्यांनी गल्लीतल्या आणखी चार घरांना हीच दीक्षा दिली.

पाच हिवाळे सुखाने गेले. मागच्या नोव्हेंबरात काकांकडे स्प्रिंकलर तपासायला एक टेक्निशियन बाई आली. काकांनी तिला रेडिएटरवर व्याख्यान द्यायचं ठरवलं होतं, आणि श्रोता म्हणून मलाही बोलावलं होतं. बाईने पाइपातलं थोडं द्रावण काढून मोजलं, पुन्हा मोजलं.

"हे कोणी मिसळलं?"

"मी!" काका छाती काढून म्हणाले.

"सर, आग लागली तर हे छतातून फवारलं जाईल. इतकं घट्ट मिश्रण आग विझवत नाही. ते स्वतःच पेटू शकतं."

काका हसले. "मॅडम, आयुष्यभर मी असंच रेडिएटरमध्ये घातलं."

"रेडिएटर पेटत्या स्टोव्हवर फवारा मारत नाही, सर."

काकांनी मान वळवली. स्वयंपाकघरात काकू पुऱ्या तळत होत्या. कढईच्या बरोबर वर छतात स्प्रिंकलर होता.

"गॅस बंद कर," काका म्हणाले.

"अहो, अर्ध्या पुऱ्या राहिल्यात!"

"बंद कर म्हणतो ना!"

मग ते तसेच, कोट न घालता, रस्ता ओलांडून माझ्या घरी आले. मी मागे धावलो. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून त्यांनी विचारलं, "तुझी पोर वरच्या खोलीत झोपते ना?" मी हो म्हटलं. "तिच्या डोक्यावर मी ते भरून ठेवलं रे, पाच वर्षं." मी खुंटीवरचा माझा कोट त्यांच्या खांद्यावर टाकला.

बाईने दोन्ही घरांतले पाइप रिकामे करून त्यात साधं पाणी भरलं आणि गारठ्यातल्या पाइपांना ऊब राहील असं वेष्टन घालून दिलं. उरलेल्या चार घरांना फोन करा, असं काकू म्हणत होत्या. काका चालत गेले. प्रत्येक दारात उभं राहून, "माझी चूक झाली. आजच्या आज काढून घ्या," असं म्हणाले. ज्या माणसाने पत्त्यांच्या डावातही कधी चूक कबूल केली नव्हती, त्याला बर्फातून चौथ्या दाराकडे जाताना मी खिडकीतून पाहिलं.

तेव्हापासून काका कोणालाच सल्ला देत नाहीत. गल्लीत केवढी शांतता आहे! याच शांततेसाठी मी वर्षानुवर्षं नवस बोललो होतो. परवा न राहवून मीच त्यांच्याकडे गेलो. "काका, आमचा पाण्याचा हीटर विचित्र आवाज करतोय. जरा बघता का?" काकांचे डोळे क्षणभर चमकले. हात पान्याकडे गेला आणि तसाच मागे आला.

"जाणकाराला बोलाव, बाळा," ते म्हणाले.

मी बरं म्हणून परतलो. हीटर तसा ठणठणीतच होता.